घरात काही कार्य होतं का?

श्रावण लागला की आमच्या सोसायटीच्या जिन्यात भाजलेल्या रव्याचा वास दरवळायला लागतो आणि साधारण त्याच सुमाराला माझ्याकडे मुलं येतात. कुणाचा भाचा, कुणाची पुतणी. पशुवैद्यकीयला प्रवेश मिळालेला असतो, हातात पेढ्यांचा पुडा असतो आणि तोंडात ठरलेला प्रश्न, "काय काय लागतं हो तिकडे?" निवृत्त माणसाला सहसा कुणी काही विचारत नाही. त्यामुळे मी खुर्ची पुढे ओढून जे सुरू होतो, ते चहा गार होईपर्यंत थांबत नाही.

काल चौथ्या मजल्यावरची ऋता आली होती, आईला घेऊन. तिला मी सगळं सांगितलं. ॲप्रन दोन घे आणि शवविच्छेदनाचा वेगळा ठेव, तो घरच्या कपड्यांत धुवायला टाकलास तर घरचे तुला धुतील. गमबूट एक नंबर मोठेच घे, आत जाड मोजे घालता येतात आणि चिखलात पाय रुतला तर बूट सोडून पाय तरी बाहेर काढता येतो. नखं कापलेली हवीत, अंगठी आणि घड्याळ घरी ठेवायचं. विच्छेदनाच्या दिवशी उपाशी जायचं नाही. पहिल्यांदा चक्कर येते ती रक्ताने येत नाही, रिकाम्या पोटाने येते. जनावराजवळ जाताना आधी बोलायचं, मग हात लावायचा. दोर बांधायचा तर एका हिसक्यात सुटेल अशी गाठ मारायला शीक. विच्छेदनाची जनावरं टिकवायला वापरतात त्या डोळ्यांना झोंबणाऱ्या औषधी पाण्यात हात घालण्याआधी मनगटापर्यंत खोबरेल चोपड आणि घरी आल्यावर लिंबाची साल चोळ. वास जाणार नाही, पण आपण काहीतरी केलं एवढं समाधान मिळेल.

पोरगी हसून सगळं मोबाइलमध्ये लिहून घेत होती. जाता जाता तिची आई म्हणाली, "रविवारी पूजा घातली आहे, प्रवेशाची. तुम्ही यायचंच." मी हो म्हटलं. दार लावलं आणि लक्षात आलं, की नेहमीप्रमाणे एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे काय, मी ती सांगतच नाही. इतकी वर्षं झाली, जीभ तिथवर जाते आणि परत फिरते.

मलाही प्रवेश मिळाला होता आणि माझीही पूजा झाली होती. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. मुलुंडला आमची बैठी चाळ होती. मागे थोडी मोकळी जागा, तिच्यापलीकडे गवत आणि त्याच्याही पलीकडे टेकडी. त्या मोकळ्या जागेत शेवंताकाकीचा गोठा होता. काकी मालवणकडची, नवरा परळच्या गिरणीत, राहायलाही तिथल्याच खोलीवर. पगार गावाकडे आणि खानावळीत वाटला जायचा, घर चालायचं ते दोन म्हशींवर. त्यातली मोठी तुळसा. चाळीतली निम्मी पोरं तुळसाच्या दुधावर वाढली, त्यांतला मी एक. सकाळी पितळी तांब्या घेऊन गोठ्याच्या दारात उभं राहिलं की ती मान वळवून बघायची, हे गिऱ्हाईक ओळखीचं आहे की नाही याची खात्री करून घेतल्यासारखी. मग परत गवतात तोंड घालायची.

खरं सांगायचं तर मला माणसांचा डॉक्टर व्हायचं होतं. मार्क कमी पडले. गुरांच्या डॉक्टरकीला नाव लागलं तेव्हा वडिलांनी पत्र घडी करून कपाटात ठेवलं. आई मात्र म्हणाली की डॉक्टर तो डॉक्टर, आणि श्रावणातला सत्यनारायण ठरवून मोकळी झाली. नातेवाइकांना बोलावणी गेली. तेव्हा तांदूळ रेशनवर मिळायचा, तोही खडे निवडून डोळे दुखतील असा. आईने माहेराहून आलेला तांदूळ डब्यात तळाशी जपून ठेवला होता, तो सगळा काढला. शेवंताकाकी पहाटेपासून आमच्या चुलीशी बसली होती.

आणि लोक आले नाहीत. चाळीतले आले, पण लालबागहून, दादरहून ज्यांची वाट पाहत होतो त्यांतलं कुणीच फिरकलं नाही. एका मामांनी निरोप पाठवला, तोही असा, की ढोरडॉक्टर झाल्याची कसली पूजा घालता. निरोप आणणाऱ्याने तो शब्दही न गाळता सांगितला. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दुपारभर दोन मोठ्या पातेल्यांत भात तसाच होता, पांढराशुभ्र, मोकळा, वर तुळशीचं पान. शिरा होता, पुऱ्या होत्या.

तो भात टाकायचा कसा? ज्या दिवसांत रेशनच्या रांगेत बायका तास न् तास उभ्या राहत, त्या दिवसांत शिजलेलं अन्न उकिरड्यावर टाकणं म्हणजे पापच. आई म्हणाली, "तुळसाला घाल. माणसं नाही आली, ती तरी जेवेल." मी पातेली उचलून गोठ्यात नेली. काकी आमच्याकडे भांडी घासत होती, तिला ओट्यावरून सांगितलं तर तिला केवढा आनंद झाला. मी भात गव्हाणीत ओतला, वर पुऱ्या कुस्करून टाकल्या. तुळसाने तोंड घातलं ते वर काढलंच नाही. तिचा तो फुरफुराट, गव्हाणीच्या लाकडावर घासणारी जीभ आणि मी उभा, पहिल्यांदाच त्या दिवशी बरं वाटत असलेला. मामांना काय कळतंय, असंही मनात येऊन गेलं.

संध्याकाळी धार काढताना तुळसाने लाथ झाडली आणि बादली सांडली. एरवी गरीब म्हैस, पण त्या दिवशी अस्वस्थ होती. दिवसभर आमच्याकडे राबून थकलेल्या काकीच्या हातात काठी होती, ती तिने तुळसाच्या डाव्या बरगडीवर हाणली. एकदाच. मी तांब्या घेऊन दारातच होतो.

दुसऱ्या दिवशी तुळसा उभी होती पण रवंथ करत नव्हती. गवताला तोंड लावीना. डावी कूस तट्ट फुगलेली, दात करकर वाजवत होती, शेण पातळ आणि त्याला आंबूस वास. काकीने तेलात हिंग घालून पाजलं. कुणीतरी म्हणालं सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टर आणा, आणि लगेच दुसरं कुणीतरी म्हणालं, कशाला, आपल्या चाळीतच डॉक्टर आहे की.

त्या वाक्याने आजही माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. कॉलेजला जाऊन मला काही आठवडे झाले होते. मला हाडांची नावं येत होती. खांद्याच्या पात्यावर कुठला उंचवटा आहे ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. ताप कसा मोजतात ते मला ठाऊक नव्हतं. पण चाळ माझ्याकडे बघत होती, आई अभिमानाने बघत होती आणि काकी म्हणाली, "तू डॉक्टर मा रे? बघ तिका." मी सिनियर मुलं करतात तसा तळवा डाव्या कुशीवर ठेवला, कपाळाला आठी घातली आणि म्हणालो, गॅस झाला असेल, उतरेल. मग सगळे निर्धास्त आपापल्या घरी गेले. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर तुळसा आडवी होती आणि काकी तिच्या शिंगांना धरून बसली होती. दवाखान्यात माणूस दुपारी धाडला, डॉक्टर येईतो सगळं आटोपलं होतं. गोठ्याच्या दारातूनच ते परत गेले.

टेकडीच्या पायथ्याशी खड्डा खणून तुळसाला पुरलं. वर मीठ टाकलं. देवाचा भात तिला बाधला असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. प्रसाद कधी कुणाला बाधत नाही.

ऋताला मी हाडांच्या संचाचंही सांगितलं. आता प्लॅस्टिकची मॉडेल असतात म्हणे, पडद्यावर हाड गरगर फिरवून दाखवतात. आमच्या वेळी 'बोन सेट' सिनियरकडून ज्युनियरकडे जायचा आणि ज्याला मिळाला नाही त्याने आपली सोय आपण बघायची. मी त्या न मिळालेल्यांतला. परीक्षा जवळ आली, तोंडी परीक्षेत मास्तर हातात हाड देऊन विचारणार, आणि माझ्याकडे नुसती चित्रं. पुरलेलं जनावर शोधा, असा सल्ला वर्गात फिरत होता. मला असं एक जनावर माहीत होतं. पण त्याची वाच्यता करायची माझी छाती नव्हती. मी आईजवळ एकदा कुरकुरलो एवढंच, आणि चाळीत भिंतींना कान असतात.

काकी आपण होऊन आली. पदराला हात पुसत दारात उभी राहिली. "तुळसाची हाडां तू घेवन जा. तुझ्या शिक्षणाक लागतत मा? पण माझा एक काम कर. माझ्या काठयेन तिची बरगडी मोडली काय, ता बघ." आणि मग हळूच, "माका झोप येयना."

म्हणजे इतके महिने ती हे उराशी घेऊन वावरत होती. मला कळलंच नव्हतं. कळलं तेव्हाही, मला लाज वाटते सांगायला, पहिला विचार आला तो सुटकेचा, की चला, हाडं मिळाली.

उन्हाळ्याच्या तोंडाला मी खड्डा उकरला. जमिनीने आपलं काम चोख केलं होतं. एकेक हाड धुण्याच्या सोड्यात उकळलं, घासलं, टेकडीकडच्या कातळावर वाळत घातलं. आईने घरात येऊ दिलं नाही, म्हणून पडवीत गोणपाटाच्या पोत्यात ठेवलं. ज्या कुशीवर मी हात ठेवला होता तिथल्या बरगड्या मी एकेक करून हातात घेतल्या, बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. कुठेही मोड नव्हती, साधी चीरसुद्धा नव्हती. काकीला पोतं उघडून दाखवलं. तिनेही बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "मगे कशान मेली?"

मी म्हटलं, काकी, रोगांचं अजून शिकवलेलं नाही. तिसऱ्या वर्षाला असतं ते. तेव्हा सांगेन.

मुलांनो, हाडावर स्नायू कुठे सुरू होतो ते लाल खडूने रंगवावं आणि कुठे संपतो ते निळ्या खडूने. मग ते जन्मात विसरत नाही. मी तसं रंगवलं. जिचं दूध पिऊन माझी हाडं झाली तिच्या हाडांवर लाल-निळ्या रेघा ओढत मी पाठांतर करायचो आणि गोठ्यातून दुसरी म्हैस मधूनच हंबरायची. तोंडी परीक्षा झकास झाली. मास्तर म्हणाले, हाडांवर तुझा हात चांगला बसलाय. आईने साखर वाटली.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यातली एक दुपार. पोटाचे विकार चालले होते. मास्तर सांगत होते, की गुरांना सवय नसताना धान्य, विशेषतः शिजवलेलं, भरपूर खायला मिळालं तर ते कोठीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात आंबतं, आम्ल होतं आणि ते रक्तात उतरतं. रवंथ बंद, कूस तट्ट, दात करकरतात, शेणाला आंबूस वास. लग्नसराईत आणि श्रावणात असे रोगी जास्त. "म्हणून मालकाला पहिला प्रश्न औषधाचा विचारू नका," ते म्हणाले. "पहिला प्रश्न, घरात काही कार्य होतं का?" वर्ग हसला. माझं पेन वहीवर तसंच टेकून राहिलं आणि शाईचा डाग मोठा होत गेला.

घरी जाताना ठरवलं होतं की काकीला सांगायचं. अगदी वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण काकी भेटली ती नळावर, आणि शेजारी आई. आई कळशी विसळत होती. काकीच्या मनात दिवस मोजणं चाललेलं असावं. मला पाहताच म्हणाली, "तिसरा वरस लागला मा तुझा? आता सांग." आणि आई म्हणाली, "सांग की रे. एवढा शिकलास."

मी आईकडे बघितलं. पाहुणे न आल्याच्या त्या दिवसाची गोष्ट आई आता निराळ्या तऱ्हेने सांगायची. माणसांनी पाठ फिरवली पण माझ्या लेकाच्या पूजेला मुकं जनावर पोटभर जेवलं, असं. त्या दिवसातलं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं. मी म्हणालो, "नक्की नाही सांगता येत, काकी. पोटाचं काहीतरी होतं."

काकीने कळशी उचलली. "हाड मोडाक नाय म्हणान काय झाला? आत लागला असतला," ती म्हणाली, आणि निघून गेली.

दिवाळीनंतर तिने दुसरी म्हैस विकली. आई समजावून थकली. काकीचं एकच, माझ्या हाताक आता गुरां नको. म्हशी गेल्या तसा मुंबईत राहायचा आधारही गेला. नवऱ्याला गिरणीच्या खोलीवर ठेवून ती गावी परतली. जाताना माझ्या हातावर नारळाची वडी ठेवून म्हणाली, मोठो डॉक्टर हो. गोठा पाडला. हाडांचं पोतं मी रिवाजाप्रमाणे पुढच्या मुलाला दिलं. त्याने कुणाला दिलं देव जाणे. तुळसा कितीजणांना पास करून गेली असेल कोण जाणे.

पुढे नोकरीभर मी तो प्रश्न विचारला. गोरेगावच्या तबेल्यांत, मनोरीला होडीतून उतरून कुणाच्या परसातल्या गाईपाशी, अंधेरीत, बोरिवलीत. घरात काही कार्य होतं का? मालक चपापायचे, यांना कसं कळलं म्हणून. काही जनावरं त्या प्रश्नाने वाचली, हे खरं. पण हिशेब जुळल्याचं समाधान मला कधी झालं नाही. एक बाई आपल्या काठीला दोष देत दूर गावी बसली होती आणि तिला सोडवणारं वाक्य माझ्या तोंडात होतं. मालवणला जायला मला कोणी अडवलं नव्हतं. पुढच्या मे महिन्यात जाऊ, असं म्हणत मी कितीतरी मे महिने घालवले. मग एके दिवशी काकी गेल्याचं कळलं. आई रडली. "तुळसाला आमचा भात फार आवडला होता," असं म्हणत रडली.

त्यानंतरचीच गोष्ट. दारात भांडुपचा एक गवळी आला होता, म्हैस फुगली म्हणून. मी सवयीने विचारलं, कार्य होतं का? तो म्हणाला, बारसं होतं साहेब. मी त्याच्यावर खेकसलो, की शिजवलेला भात पातेलीच्या पातेली गुरांना घालता, मरतात ती त्याने, किती वेळा सांगायचं. बॅग घ्यायला आत वळलो तर आई सुपात तांदूळ निवडत बसलेली. तिचा हात थांबला होता.

मी रात्र पडायच्या आत परतलो, म्हैस वाचवून. सूप तसंच होतं, अर्धं निवडलेलं. आईने पाणी आणून दिलं. मग विचारलं, "शेवंताला सांगितलं होतंस?"

"नाही."

"का?"

"तुला लागलं असतं म्हणून."

आईने सूप बाजूला सारलं. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. "मला विचारलं होतंस?" ती म्हणाली. "मी गेले असते रे. चालत गेले असते."

त्यानंतर तिने ती गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. घरात पूजा झाली तरी भात बेताने टाकायची आणि उरला तर दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन स्वतः खायची, एकटी.

आमच्या कोपऱ्यावरच्या देवळापाशी एक बाई गाय घेऊन बसते. श्रावणात लोक त्या गाईला पुण्य म्हणून काय काय घालतात. रविवारी ऋताच्या घरी पूजा आहे, भरपूर माणसं बोलावली आहेत, आणि आताही सगळी येतातच असं नाही. मुलीला मी गमबुटाचा नंबर सांगितला. जे सांगायला हवं होतं ते तिच्या आईला सांगायचं आहे, आणि नुसतं 'भात घालू नका' एवढंच नाही, तर का, तेही.

चहा पुन्हा गार झाला आहे. मी चपला घालतो आणि चौथ्या मजल्यावर जाऊन येतो.